परत आलेल्या मेलवरचा शिक्का

जपानमधल्या त्या लिफ्ट कंपनीत उबुकातासानना मंजुरीसाठी पाठवलेला प्रत्येक मेल 'असा पत्ता नाही' म्हणून परत येत होता. कारण शोधायला वाकानाला पाच मिनिटंही लागली नाहीत. उबुकातासान वसंतात वारले आणि त्यांचा पत्ता बंद झाला, पण मंजुरीच्या यादीतून नाव काढायला सगळेच विसरले होते.

ती नाव खोडणार, तेवढ्यात उजवीकडच्या टेबलावरचे तोमियासुसान म्हणाले, "थांब गं. मेलसोबत परत आलेला आराखडा आधी उघडून बघ."

लिफ्टच्या ब्रेकचा आराखडा होता. पाठवताना रिकाम्या असलेल्या कोपऱ्यात आता उबुकातासानचा लाल शिक्का उमटला होता, आणि एका आकड्याभोवती लाल गोल.

वाकानाने आकडा ताडून पाहिला. खरंच चुकला होता. लिफ्ट माणसांसकट कोसळली असती.

"काय नजर आहे या माणसाची!" तोमियासुसान भारावून म्हणाले. "जिवंत असतानाही एक चूक सुटली नाही त्यांच्या नजरेतून."

नाव यादीत तसंच राहिलं. महिनाभरात आणखी चार चुका सापडल्या.

कचेरीत रीत अशी, मंजुरीच्या चौकटींत हाताखालच्या माणसाने आपला शिक्का जरा डावीकडे कलता मारायचा, म्हणजे तो शेजारच्या चौकटीतल्या वरिष्ठाला वाकून नमस्कार करतो. उबुकातासान सगळ्यांत वरिष्ठ, म्हणून त्यांची चौकट सगळ्यात डावीकडची. त्यांचा शिक्का कायम ताठ.

आज परत आलेल्या आराखड्यावर तो डावीकडे पार वाकला होता.

"यांच्यावर तर कोणीच नव्हतं," वाकाना पुटपुटली. "मग वाकलेत कोणाला?"

तिच्या डावीकडची रिकामी खुर्ची करकरली.

तोमियासुसान उठले, आणि तिकडे न पाहता त्याच दिशेला कमरेत वाकले.