दुसऱ्या अंकाला कोण होतं

“गेर्मान पाव्लोविच, तुमच्याकडे बाई आलीये!” शेजारच्या क्लावानं सामाईक स्वयंपाकघरातूनच आरोळी ठोकली. “आणि चक्क केक घेऊन! दाढीबिढी केलीये ना?”

गेर्मान पाव्लोविच सत्तरीचे होते. लेनिनग्राडमधल्या थिएटरच्या सगळ्यात वरच्या माळ्यावर, स्वस्त तिकिटाच्या बाकावर बसून त्यांनी पन्नास वर्षं बॅले पाहिला होता आणि प्रत्येक खेळ वहीत टिपून ठेवला होता. कोण नाचलं, कोण घसरलं, टाळ्या किती वेळ चालल्या. थिएटरच्या कागदांपेक्षा नाचणारे लोक या वह्यांवर जास्त विसंबत, आणि त्याचा त्यांना मनातून गर्वही होता.

आलेली बाई टोपी न काढताच खुर्चीच्या कडेवर बसली. चेहरा थकलेला, पाठ मात्र ताठ.

“मी रिम्मा ओसिपोव्ना. तुम्ही काही मला ओळखणार नाही. समूहनृत्यात असायचे मी, मागच्या रांगेत...”

“डावीकडून चौथी,” ते म्हणाले. “मान जराशी कललेली. ओळखलं की!”

बाई लाजलीच. मग घाईघाईनं म्हणाली, “तर मग एक्कावन्न सालची अकरा फेब्रुवारीही आठवत असेल तुम्हाला. पहिल्या अंकात वेलिन्स्कायाचा पाय मुरगळला. दुसरा अंक मी केला. नायिकेचा.”

गेर्मान पाव्लोविचांचा चमचा मुरंब्याच्या बरणीतच थांबला. वेलिन्स्काया म्हणजे त्यांचं दैवत.

“छापील पत्रकावर तिचंच नाव राहिलं. पेपरात एक ओळ आली नाही. आणि ते काम मला पुन्हा कधी मिळालं नाही,” बाई सांगत होती. “माझ्याबरोबर नाचलेला जोडीदार गेल्या आठवड्यात वारला. तेहतीस वर्षांत त्याला विचारायचं धाडस झालं नाही हो. वाईट नाचले म्हणून नाही दिलं का मला? नाचताना स्वतःला काही दिसत नाही. आता विचारायला तुम्हीच उरलात. माझी समजूत काढू नका. वाईट असेल तर वाईट सांगा.”

ते उठले, कपाटातून एक्कावन्नची वही काढली आणि तिच्याकडे पाठ करून पान उघडलं. वरच्या अर्ध्या पानावर पहिला अंक होता. खाली निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘वेलिन्स्काया नाही. मी उठलो. माझ्यामागे सगळा माळा!’ पुढचं पान कोरं होतं. मधल्या सुटीनंतर वरचे सगळेच्या सगळे निष्ठेपायी बाहेर पडले होते आणि मागच्या दाराशी बर्फात उभे राहून वेलिन्स्कायाच्या गाडीची वाट पाहत होते. वयाचं निमित्तही देता येत नव्हतं. ते तेव्हा सदतीस वर्षांचे होते.

खरं ते सांगून टाकावं असं त्यांना वाटलं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण वळून पाहिलं, तर बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेत निकाल ऐकायला बसावं तशी बसली होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. वही छातीशी धरून त्यांनी कोऱ्या पानावरून वाचायला सुरुवात केली.

“सुरुवातीला घाबरलेली. पहिल्याच गिरकीला पाय किंचित हलला.”

“हलला होता,” बाई पुटपुटली.

“मग पाठ मोकळी झाली. हात मऊ. उडीवरून खाली येताना पायांचा आवाज नाही.”

कुणाचे हात, कुणाची उडी. युद्धानंतरच्या हिवाळ्यात मॉस्कोहून एकदाच आलेल्या एका मुलीच्या गिरक्या. पन्नास वर्षांत जे जे आवडलं, ते ते त्यांनी हिच्या ओंजळीत घातलं. वेलिन्स्काया शेवटाला हात वर नेऊन श्वास रोखायची, वाद्यं पुढे निघून जायची आणि ती क्षणभर तिथेच राहायची. तसं थांबणं त्यांच्या वहीत आजवर दुसऱ्या कुणाच्या नावावर नव्हतं. तेही त्यांनी देऊन टाकलं.

“मग काम का नाही दिलं पुन्हा?”

“वेलिन्स्काया बरी झाली म्हणून. दुसरं काही कारण नाही.” त्यांनी वही मिटली.

बाई रडली. रडतारडता हसली, टोपी काढली, केकचे दोन तुकडे खाल्ले आणि समूहातल्या मुलींच्या कागाळ्या सांगितल्या. तासाभरानं ती निघाली, तेव्हा गेर्मान पाव्लोविच तिचा कोट धरून उभे राहिले.

“गंमत सांगू?” बाहीत हात घालत ती म्हणाली. “दुसऱ्या अंकाआधी माझं नाव जाहीर केलं ना, तेव्हा मी पडद्याच्या भोकाला डोळा लावून उभी होते. एवढ्या लांबून चेहरे कसले दिसतायत! पण वरच्या माळ्यावर एक उंच माणूस ताडकन उठला, आणि त्याच्यामागून बाकं धडाधड आपटली. मला वाटलं होतं, वर कुणीच राहिलं नाही. बरं झालं बाई, तुम्ही तरी थांबलात. कोण होता हो तो? ओळखायचात?”

“ओळखायचो.”

“आहे अजून?”

“आहे.”

तिनं कोटाचं वरचं बटण लावलं. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता.

“मग भेटला की त्याला सांगा. मला सांगितलंत ना, अगदी तस्संच. कळू दे बिचाऱ्याला, काय बघायचं राहून गेलं ते.”