कफनाचा व्हिडिओ

“वाच वहिनी, गाळू नकोस,” खलफ म्हणाला. “आज काय काय ओकलेत ते सगळं ऐकू दे.”

रतीबावहिनीने फोन जरा लांब धरला. व्हिडिओ सुरू झाला. आठवड्यापूर्वीचा तो मांडव, सगळ्या पंचक्रोशीतली माणसं, आणि त्यांच्यामधून अनवाणी चालत येणारा नादी. दोन्ही हातांवर स्वतःचंच कफन. खलफच्या थोरल्या भावाला, बखीतला, त्याने पाटाच्या पाण्यावरून गोळी घातली त्याला तीन वर्षं झाली होती. मांडवात तो खलफपुढे गुडघ्यांवर बसला. मारायचं तर मार, सोडायचं तर सोड. खलफने कफन उचललं, त्याच्याऐवजी मेंढा कापला आणि नादीला उठवून मिठी मारली. जात्याच खाटीक, पण त्या दिवशी सुरी धरलेला हात थरथरला. तेही व्हिडिओत दिसत होतं.

“किना शहरातला एकजण खाली लिहितो,” रतीबा वाचू लागली, “‘भावाचं रक्त विकलं आणि वर मटण खाल्लं.’” ती थांबली. “पुढचं नको, भाऊजी.”

“वाच म्हटलं ना.”

“‘ह्याच्या डोक्यावर ओढणी घाला नि बायकांत नेऊन बसवा.’”

खलफच्या कानशिलाची शीर उडायला लागली. त्याला अक्षरओळख नव्हती. बखीत शाळेत गेला, हा बापाबरोबर दुकानात. बाहेरच्या कुणाकडून वाचून घ्यावं, तर आपली बेअब्रू परक्याच्या तोंडून ऐकायची. त्यापेक्षा घरातलं घरात बरं.

“त्याला लिही, खलफ भ्याला नाही. गावात आणखी प्रेतं नकोत म्हणून सोडलं.”

रतीबाची बोटं चालली. मग तिने खाली मान घातली. “हसतोय तो. म्हणतो, ‘मग करून दाखव.’”

“हरामखोर.”

“जाऊ द्या हो. जगाच्या तोंडाला कुठे झाकण घालणार? मी कधी एका शब्दाने बोलले का तुम्हाला?”

खरंच ती बोलली नव्हती. तीन वर्षांत तिने नवऱ्यासाठी मोठ्याने रडूनही घेतलं नव्हतं. खुनाचा बदला होईतो त्यांच्याकडे कुणी शोकाला बसत नाही, दारात खुर्च्या मांडत नाही. माफी झाल्यावरही तिने खुर्च्या मांडल्या नाहीत. खलफला ते बोचलं होतं, पण वहिनीला विचारायचं कसं?

दुकानात तर जीव नकोसा झाला. शेजारचा न्हावी आणि चहावाला सकाळपासून फोनवर डोकं घालून भांडत होते.

“मी म्हणतो, त्याने केलं ते बरोबर,” न्हावी म्हणत होता.

“तुझं काय जातंय म्हणायला? तुझा भाऊ धडधाकट आहे. स्वतःवर आलं असतं म्हणजे कळलं असतं, केवढं जड आहे ते.”

खलफ दिसला तसे दोघे गप्प झाले. म्हणजे इथेही तेच चाललंय तर, असं त्याने धरलं.

एक म्हातारी मांस घ्यायला आली. “खलफबाबा,” ती म्हणाली, “मर्द बघावा तर तुझ्यासारखा.”

त्याने हाडावर सत्तूर असा हाणला की कपची तिच्या पायाशी उडाली. “किती हवंय तेवढं बोल, आजी. जास्त बोलू नकोस.”

आता म्हाताऱ्याही टोमणे मारायला लागल्या. माणूस किती सोसणार? देवाने त्यालाही रक्तच दिलं होतं, ताक नव्हे.

दुपारी नादी आला. माफीनंतर पहिल्यांदाच. मुलगी झाली होती, सातव्या दिवसाच्या जेवणाला बकरा हवा होता. लाजत, हसत तो फळीशी उभा राहिला.

“खलफकाका, तो व्हिडिओ बघितलास का? गावोगाव तुझंच नाव चाललंय.”

“काय म्हणालास?”

“सगळं जग तुझंच बोलतंय, काका. मला तर—”

पुढचं त्याच्या घशातच राहिलं. पहिला वार मानेत बसला. नादी फळीवर कोसळला, तेव्हा दुसरा. मग खलफने मोजले नाहीत. न्हावी धावत येऊन त्याच्या कंबरेला लटकला, तरी हात थांबेना. या वेळी तो थरथरतही नव्हता. टांगलेल्या मांसाखाली रक्ताचं थारोळं साचलं, आणि त्यात नादीची टाच थोडा वेळ घासत राहिली.

खलफला घेऊन पोलिसांची जीप त्याच्याच गल्लीतून निघाली. दारापुढे खुर्च्या मांडल्या होत्या. शोकाची बिनसाखरेची कॉफी फिरत होती. उंबऱ्यात रतीबा ऊर बडवून रडत होती, बायका तिला धरून सांत्वन करत होत्या. खलफच्या छातीवरचा धोंडा उतरला. बखीतचा शोक सुरू झाला एकदाचा. आता कोण ओढणी घालायला येतो बघू.

शेजारी बसलेला तरुण फौजदार फोन बघत होता.

“तुझाच ना हा व्हिडिओ? माझ्या आईने पाठवला होता मला. बघून ढसाढसा रडली ती.” त्याने खाली लोकांनी लिहिलेलं वाचायला सुरुवात केली. “‘देव ह्या हातांना आयुष्य देवो.’ ‘असा एक माणूस आमच्या गावात असता, तर माझी दोन्ही पोरं आज जिवंत असती.’ लाखभर माणसांनी दुवा दिला रे तुला. आणि तू हे काय करून बसलास?”

“गोडगोड नको वाचू, साहेब. शिव्या वाच. तो किन्याचा वाच, ओढणी घाला म्हणणारा. माझ्याशी भांडला तो. करून दाखव म्हणाला.”

फौजदाराचा अंगठा बराच वेळ वरखाली फिरत राहिला.

“असलं एक अक्षर नाही इथे,” तो म्हणाला. मग त्याने खलफकडे बघितलं. “तुला वाचता येतं का?”