पुलाच्या अलीकडची आई

डॉक्टरांनी हात टेकल्यावर आईला घरी आणलं. "तुझा तो जुना गेम लाव," ती अंथरुणातूनच म्हणाली. माळ्यावरून काढून टीव्हीला जोडला. सुरुवातीला गेममधली आई मुलाला झोपेतून उठवते. लहानपणी मी तिचं बोलणं न ऐकताच गावाबाहेरच्या पुलाकडे धूम ठोकायचो. आज मात्र पुन्हा पुन्हा तिच्यापाशी जाऊन बटण दाबत होतो. दरवेळी ती तेच म्हणायची, "जपून जा, बाळा." मुलाने पूल ओलांडला की मागे गाव पेटतं, आई घरातच असते. "किती घुटमळतोयस? निघ की आता," माझी आई म्हणाली. "थांब गं, कसली घाई आहे?" ती खोकत हसली. "तू शाळेत गेलास की मीपण खेळायचे. पूल ओलांडल्यावर काय होतं, ठाऊक आहे मला." सलाइन लावलेल्या हाताने तिने माझा अंगठा बटणावर दाबला. मुलगा पुलाकडे चालू लागला.