मनगटावरचा पट्टा

पावणेपाच किलोचं नवजात बाळ रडत होतं आणि डावा खांदा चोळत होती ऋजुता सिस्टर. एक पट्टा बाळाच्या पायाला, दुसरा तिच्या मनगटाला; बाळाला दुखेल ते तिला दुखायचं, बरं वाटेल तेही जाणवायचं.

"कॉलरबोन मोडलंय. बाहेर येताना खांदा अडकला असणार," तिने डॉक्टरांना सांगितलं.

बाळाचा हात अंगाशी बांधून झाला, तरी ठणका थांबेना. ऋजुताने थोपटलं, गाणं म्हटलं. छे!

"माझ्याकडे द्या ना," बाळाची आई दीपमाला म्हणाली.

आईकडे देण्याआधी पट्टा काढायचा, असा नियम होता. पण मला जमलं नाही ते या पोरीला काय जमणार, बघू या तरी, म्हणून ऋजुताने तो काढलाच नाही.

दीपमालाने बाळाला वेडंवाकडं कुशीत घेतलं मात्र, ऋजुताचा ठणका विरघळला. अंगभर ऊब पसरली. तिचा नुसता जळफळाट झाला.

"सिस्टर, घ्या आता. हात अवघडला माझा."

ऋजुताने घेतलं. खांद्यात पुन्हा कळ उठली. तिने बाळ घाईघाईने परत दिलं.

"धरा हो अजून थोडा वेळ."

"झोपला की तो."

"असू दे," ऋजुता म्हणाली आणि पट्ट्याचा हात तिने हळूच पाठीमागे लपवला.