ओदीलचा पाळणा
सेलेस्तीन रोजच्या नेमाने चर्चमध्ये ओदीलच्या नावाची मेणबत्ती लावून घरी आली, तर हिवाळ्यात देवाघरी गेलेल्या त्या लेकीचा वेताचा पाळणा जागेवर नव्हता. ती तशीच नवऱ्याच्या नाटकाच्या तालमीला धावली. पाळणा रंगमंचाच्या मधोमध होता, आत ओदीलची दुलईसुद्धा. “अहो, मला विचारायचं तरी!” “अगं, माझ्या नाटकात सगळं खरं लागतं. मागच्या वेळी रंगमंचावर खरं मांस टांगलं, तर पॅरिसभर नाव झालं,” तो वर न बघताच म्हणाला. मग नटीवर खेकसला, “बाई, लेकरू गेल्यावर आई अशी गळा काढून रडत नाही! मी घरात बघितलंय, लिहून ठेवलंय.” सेलेस्तीन रंगमंचाच्या पायऱ्या चढून वर गेली, दुलईची घडी घातली आणि पाळणा छातीशी धरून निघाली. मागून नटीला सांगणारा नवऱ्याचा हरखलेला आवाज आला, “बघितलंस? अगदी अस्संच उचलायचं हं!”