काजाचं मशीन

संस्थेचं शिलाई मशीन घेऊन मी अर्ज केलेल्या बाईच्या दारात पोचलो, तर आतून खडखडाट ऐकू आला. खोलीत दोन मशीनं आधीच चालू होती. दोन्हींवर दुसऱ्याच संस्थांची नावं. एकावर ती, दुसऱ्यावर शेजारीण. “ताई, दोन मिळालीत, सांगायचं नाही होय?” मी चिडलो. “तुमच्या फॉर्मात तसा रकानाच नव्हता. दुसरं मशीन आलं, हिला बसवलं. तिसऱ्यावर जाऊबाई बसतील. शाळेच्या गणवेशांचं काम एकटीला थोडंच झेपतंय? असलं चौथं नका आणू. काजं हातानं करून बोटं सोलवटली, काजाचं मशीन आणा.” “ते महाग असतं.” “मग तुम्ही तिघं संस्थावाले मिळून आणा!” “तीन तिघाडा, काम बिघाडा. त्या दोघांना मी ओळखतसुद्धा नाही.” तिनं कापडावर खुणा करायचा खडू भिंतीकडे रोखला. फॉर्मात नसलेला रकाना तिथं होता: आम्हा तिघांचे नंबर, एकाखाली एक. मी मोबाईल काढून पहिल्या संस्थेचा नंबर लावला.