फिरत्या शाळेची श्रद्धांजली

“आमचा पालेपोई दादा आज पहाटे गेला,” असं म्हातारी फुआतिनो म्हणाली, तेव्हा प्रेस्टविचसाहेबांनी चटकन काळा चष्मा काढला. आतले डोळे तितक्याच चटकन दुःखी झाले. माणूस तयारीचा होता.

“आपले पालेपोई?” साहेब म्हणाले. तोंडात डुकराच्या मांसाचा घास होता, तरी ‘आपले’ हा शब्द स्पष्ट उमटला.

काल रात्री त्याला बोटीनं पलीकडच्या बेटावर आपियाच्या इस्पितळात नेलं होतं, देह तिथंच आहे, उद्याच्या बोटीनं इकडे सवाई बेटावर येईल, असं म्हातारीनं सांगितलं. जेवण मात्र कालच्यासारखंच मांडलेलं होतं. आमच्याकडे मयत असो की लग्न, पाहुण्याचं ताट आधी. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, भाजलेला विलायती फणस, कोको. घराला भिंती नाहीत, त्यामुळे वारा आणि माश्या दोघांनाही मोकळीक. साहेबांनी कालच्यासारखेच पाय लांब पसरले. त्यांचे तळवे कोणाच्या तोंडासमोर येऊ नयेत म्हणून शेजारी बसलेल्यानं पायांवर चटई टाकली आणि पंख्यानं माश्या वारायला घेतल्या.

साहेब ब्रिस्बेनहून आले होते ते एपेनेसासाठी. एपेनेसा म्हणजे फुआतिनोची तेरा वर्षांची नात. गणितात तिनं अख्ख्या बेटाला मागं टाकलं होतं, आणि ती बातमी साहेबांच्या नव्या शाळेपर्यंत पोचली होती. ही शाळा निवासी होती, आंतरराष्ट्रीय होती आणि फिरती होती. एक सत्र चिलीत, पुढचं नॉर्वेत, त्याच्या पुढचं जिथं विमान उतरेल तिथं. इमारत नाही, घंटा नाही, फाटक नाही. जग हीच आमची इमारत, असं साहेबांनी काल सांगितलं, तेव्हा गावातल्या एकानं मग संडास कुठं, असं विचारलं होतं. साहेबांनी ते हसण्यावारी नेलं.

अर्धी फी माफ होती. उरलेल्या अर्ध्या फीत चर्चचं छप्पर नवं झालं असतं. पण एपेनेसाचा बाप ऑकलंडच्या खाटीकखान्यात जादा पाळ्या करायला तयार होता, आणि तिची आई मासिना तर मनानं केव्हाच पोरीची पेटी भरून मोकळी झाली होती. अडत होतं ते एकाच गोष्टीवर. ज्या शाळेला दारच नाही, तिच्या दारात जाऊन उद्या पोरीची चौकशी करायची कुठं?

काल फुआतिनोनं नेमकं हेच विचारलं होतं. आमची पोर आजारी पडली की गप्प बसते, तोंडानं सांगत नाही. तुमच्यात ते कळणार कोणाला? साहेबांनी छातीवर हात ठेवला होता.

“आजी, आमच्या शाळेत कोणी हरवत नाही. ज्याला मी एकदा भेटलो, तो कायमचा माझ्या मनात.”

त्या वाक्यावर मासिना पार विरघळली. म्हातारी नुसती ‘हं’ म्हणाली होती. आणि आज ही अशी बातमी.

“पोरीला हो म्हणायचा अधिकार दादाचा होता,” फुआतिनो आता म्हणाली. “घरात मोठा तो. काल मी सगळ्यांची ओळख करून दिली, तेव्हा भेटलात ना तुम्ही त्याला?”

“भेटलो तर. बराच वेळ बोललो.”

मासिना पुढे सरकली. “साहेब, काल इथं खूप माणसं होती. नसेल आठवत तर सरळ तसं सांगा. आम्हाला राग येणार नाही.” तिचा आवाज इतका अजिजीचा होता, की दुसरा कोणी असता तर घास खाली ठेवून थोडा विचार करता.

“असा माणूस विसरता येतो का, ताई?” साहेब म्हणाले आणि उठून उभे राहिले.

वडीलधारे बसलेले असताना आमच्याकडे कोणी उभं राहत नाही. पण बसून वाहिलेली श्रद्धांजली पोचत नाही, अशी साहेबांची समजूत असावी. पालेपोईंच्या डोळ्यांतली ती चमक, समुद्रानं घडवलेले ते हात, शिक्षणाविषयीची ती तळमळ, सगळं त्यांनी सांगितलं. काल फणसाच्या झाडाखाली पालेपोईंनी आपला हात घट्ट धरला, आणि या पोरीला जग दाखवा असं म्हणाले, हेही सांगितलं. आवाज बरोबर जिथं भरून यायला हवा तिथं भरून आला. एपेनेसानं ओठ दातांखाली दाबून धरले होते. आजीनं तिला चिमटा काढला. मासिना चटईकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून मात्र खरंच पाणी आलं.

साहेब खाली बसले. कोकोचा पेला त्यांनी न बघता शेजारी पुढे केला, तो भरला गेला. “म्हणजे त्यांची इच्छा काय होती ते स्पष्टच आहे,” ते हळुवारपणे म्हणाले. “आता फक्त तुमचा निर्णय.”

“माझा कसला?” म्हणत फुआतिनो साहेबांच्या शेजारी माश्या वारत बसलेल्या म्हाताऱ्याकडे वळली. “दादा, तू सांग. पाठवायची का पोरीला?”

म्हाताऱ्यानं पंखा मांडीवर ठेवला.

“बोलला छान. मलाच भरून आलं. पण कालपासून ह्याच्या शेजारी बसलोय, एकदा मान वळवून बघितलं असतं तर मेलो नसतो मी.”